गीझरची गुरगुर

मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येक माणसाला ध्वनिदर्शक शब्दांचं कोष्टक पाठ असतं. पानांची सळसळ, पंखांची फडफड, डासांची भुणभुण, तलवारींचा खणखणाट, नाण्यांचा छनछनाट. आता मला सांगा, शाळा सोडल्यापासून तलवारींचा खणखणाट तुमच्या कानावर किती वेळा पडला? नाण्यांचा छनछनाट तर आम्हाला बँकेत बसूनही ऐकू येत नाही. हल्ली गिऱ्हाईक मोबाईल दाखवतं, मोबाईल 'टिंग' करतो आणि पैसे मिळाले असं आपण समजून चालायचं. डासांची भुणभुण तेवढी शालेय अभ्यासक्रमाला जागून आजही नियमित हजेरी लावते. पण ज्या आवाजांशी आपली रोज सकाळी गाठ पडते, त्यांचं काय? मिक्सरचं काय, फ्रिजचं काय आणि मुख्य म्हणजे गीझरचं काय? 'रिकामी जागा भरा : गीझरची ______' हा प्रश्न एका मार्कालासुद्धा कधी आला नाही. मग संसाराला लागल्यावर भल्या पहाटे न्हाणीघरातून गुरगुर ऐकू आली, तर माणसाने घाबरायचं नाही तर काय करायचं?

थंड देशांतल्या लोकांचं याबाबतीत बरं असतं. तिथे घराच्या तळघरात एक भट्टी असते आणि ती सगळा हिवाळा घर ऊबदार ठेवते. ती सुरू होताना 'धडाम्' झालं, तर गॅस उशिरा पेटला. किंचाळली, तर पंख्याचं बेअरिंग गेलं. टिकटिकली, तर पत्रे तापताहेत. लहानपणापासून ऐकून ऐकून तिथल्या माणसाचा कान तयार होतो. आमच्या मांजर्लीत असली भट्टी बसवण्याची सोय नाही, कारण मे महिन्यात आख्खं घर हीच भट्टी असते. मात्र डिसेंबर-जानेवारीत बदलापूरची थंडी मुंबईकरांना वाटते तेवढी लेचीपेची नसते. उल्हास नदीवरून पहाटे जो वारा सुटतो, तो पहिल्या कर्जत लोकलची वाट न बघता सरळ आपल्या हाडांत येऊन बसतो. अशा वेळी आमची भट्टी पेटते ती न्हाणीघरात.

पूर्वी या भट्टीचं नाव बंब होतं. मराठी भाषेची गंमत बघा, पाणी तापवणारा तोही बंब आणि लागलेली आग विझवायला येतो तोही बंबच. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत हातोड्याने ठोकून ठोकून तांब्याची भांडी घडवत, त्या परंपरेतली ही वस्तू. मधोमध नळी, नळीत निखारे, भोवती पाणी, खाली राख आणि बाजूला तोटी. आमच्या आजीला बंबाची भाषा येत असे. ती स्वयंपाकघरातून ओरडायची, "अरे, आत्ताच गायला लागलाय तो, अजून वेळ आहे!" आणि मग थोड्या वेळाने, "गप्प झाला बघ, घ्या आता पाणी." हे विज्ञान आहे असं तेव्हा कोणी सांगितलं असतं, तर आजीने त्यालाच बंबात घातलं असतं. पण आहे मात्र विज्ञान. तळाशी पाणी आधी तापतं, तिथे वाफेचे बुडबुडे धरतात आणि वर येता येता गार पाण्यात सापडून फटाफट मिटतात. त्या मिटण्याचा तो 'सूं' आवाज. सगळंच पाणी उकळीला आलं की बुडबुडे न मिटता सुखरूप पृष्ठभागावर पोचतात आणि आवाज मऊ होतो. उथळ पाण्याला खळखळाट फार, तसं कोमट पाण्यालाही.

बंबानंतर राज्य केलं स्टोव्हने. फ्रान्स लिंडक्विस्ट नावाच्या स्वीडिश गृहस्थाने १८९२ साली वातींशिवाय जळणारा हा प्रायमस स्टोव्ह काढला आणि पुढे कितीतरी वर्षं मराठी घरातला संवाद त्याच्या 'फर्रर्र'वर आवाज चढवूनच झाला. आमच्या वडिलांच्या पिढीला लोक मोठ्याने बोलणारे म्हणतात, पण त्यात स्वभावाचा दोष नव्हता, स्टोव्हचा होता. तो मध्येच फुरफुरला तर पिन मारायची, भडकला तर हवा सोडायची आणि गप्प झाला तर रॉकेलच्या रांगेत उभं राहायचं. सगळं कसं आवाजावरून कळायचं.

मग आला गीझर. हा शब्द थेट आइसलंडहून आलेला आहे. तिथे 'गेयसिर' नावाचा गरम पाण्याचा झरा जमिनीतून उसळ्या मारतो. त्याचं नाव घेऊन लंडनच्या बेंजामिन वॅडी मॉन या माणसाने १८६८ साली गॅसवर पाणी तापवणारं यंत्र विकायला काढलं. त्या यंत्राला धूर बाहेर टाकणारं धुराडं नव्हतं. ही गोष्ट वाचकांनी खिशात ठेवावी, पुढे सुट्टे लागतील.

आमच्या घरी आहे तो विजेचा गीझर. पंधरा लिटरचा, दोन हजार वॅटचा आणि स्वभावाने आजवर मुका. गेल्या हिवाळ्यात तो अचानक बोलायला लागला. आधी नुसती कुरकुर होती. मग गुरगुर झाली. नंतर मधूनच कोणीतरी आत भजी तळत असल्यासारखा चुरचुराट आणि त्यातच एखादा 'ठप्प'. आता मांजर्लीत राहणाऱ्याने गुरगुरावं हे गावाच्या नावाला धरूनच झालं, हा माझा विनोद घरात कोणालाच आवडला नाही.

"अहो, फुटेल तो!" सौ. म्हणाली.

"फुटत नाही गं. काहीतरी अडकलंय त्याच्यात," आई म्हणाली. "उंदीर असेल."

"आजी, साठ अंशांच्या पाण्यात उंदीर?" चिरंजीवांनी विचारलं.

"मग काय तुझे आजोबा आहेत? बाथरूममधून लवकर बाहेर पडायचं नाही ही सवय त्यांचीच होती म्हणा!"

बातमी सोसायटीत गेली. सेक्रेटरी आले आणि न्हाणीघराच्या दाराला कान लावून, डॉक्टरांसारखे डोळे मिटून उभे राहिले. "अर्थिंग," ते म्हणाले. आमचे सेक्रेटरी लिफ्ट बंद पडली तरी 'अर्थिंग'च म्हणतात. तळमजल्यावरच्या आजोबांनी वास्तुदोष काढला. न्हाणीघर नैर्ऋत्येला असल्यामुळे अग्नी आणि जल यांचं भांडण होतंय, असं त्यांचं मत पडलं. गमतीची गोष्ट म्हणजे सगळ्या तज्ज्ञांत सत्याच्या सर्वांत जवळ तेच होते. भांडण अग्नी आणि जल यांचंच होतं, फक्त दिशेचा संबंध नव्हता.

मेकॅनिक आला तो खिशात टेस्टर, हातात पाना आणि कानात बुंदे घालून. त्याने दोन मिनिटं ऐकलं आणि एकच प्रश्न विचारला.

"साहेब, बोअरिंगचं पाणी येतं का टाकीत?"

"उन्हाळ्यात नळाचं पाणी कमी पडलं की येतं."

"मग कॉइल पांढरी झाली असणार."

त्याने आधी वीज तोडली, मग टाकी रिकामी केली आणि खालची तबकडी खोलून कॉइल बाहेर काढली. ती कॉइल आहे हे त्याने सांगितलं म्हणून. एरवी मी ते मिठागरातून वर काढलेलं प्रवाळ म्हणून कोणत्याही संग्रहालयात ठेवलं असतं. विहिरी-बोअरिंगच्या जड पाण्यात कॅल्शियम विरघळलेलं असतं. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, पण या क्षाराचा न्याय उलटा. पाणी तापलं की तो विरघळलेला राहत नाही, जिथे सर्वांत जास्त ऊब मिळेल तिथे, म्हणजे कॉइलवरच, थर होऊन बसतो. खडूचं जे रसायन, तेच हे. मग त्या थराखाली झिरपलेलं पाणी कोंडलं जातं, वाजवीपेक्षा जास्त तापतं, त्याची वाफ होते, ती थरातून फट काढून बाहेर येते आणि बाहेरच्या पाण्यात मिटते. तीच कुरकुर, तीच गुरगुर आणि तोच 'ठप्प'. आजीच्या बंबाचंच गाणं, फक्त गळ्यात खवखव. बँकेच्या भाषेत सांगायचं तर ही थकबाकी. रोज थोडी थोडी साठते आणि ज्या दिवशी आवाज करते त्या दिवशी ती फार जुनी झालेली असते.

कॉइल साफ झाली, गीझर गप्प झाला. पण माझ्या कानांना चटक लागली. कॉमर्सच्या माणसाला विज्ञानाचं वेड लागलं की ते घरच्यांना जड जातं. पंधरा लिटर पाणी पंचवीस अंशांवरून साठवर न्यायला दोन हजार वॅटला अठरा मिनिटं लागतात, हा हिशोब मी जेवताना तीनदा समजावून सांगितला. शेवटी सौ. म्हणाली, "मग तुम्ही अठरा मिनिटं आधी उठत जा." हिशोब तिथेच मिटला.

तरीही जनहितार्थ न्हाणीघराचा एक छोटा शब्दकोश मी तयार केला आहे. 'टक' असा एकच आवाज येऊन दिवा गेला, तर तो थर्मोस्टॅट, आपलं काम करून निघालेला. बंद केल्यावर 'टिक... टिक...' येत राहिलं, तर धातू गार होऊन आकसतो आहे. मीटरभर तांब्याची नळी चाळीस अंशांनी तापली तर अर्ध्या मिलिमीटरहून थोडी जास्त लांब होते आणि तेवढ्यासाठीही ती कुरकुरते. तोटी झटकन बंद करताच भिंतीत 'धण्ण' झालं, तर धावतं पाणी एकदम अडल्यामुळे दाबाची लाट नळातून उलट पळाली. निकोलाय झुकॉव्हस्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९७-९८ मध्ये मॉस्कोच्या नळांवर प्रयोग करून या धक्क्याचं गणित मांडलं. आमच्या घरी त्याचं उत्तर आईने एका वाक्यात दिलं, "नळ सावकाश बंद करावा." सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब गळला तर तोही घाबरण्यासारखा नसतो, कारण तापलेलं पाणी फुगतं. पंधरा लिटरमागे सुमारे दोनशे मिलिलिटर, म्हणजे चांगला मोठा कप भरेल इतकं. ते कुठेतरी जायलाच हवं. मात्र पाणी खदखदतंय, नळातून वाफ येतेय आणि तरीही 'टक' होत नाही, तर थर्मोस्टॅटने राजीनामा दिलेला आहे. तिथे अभ्यास थांबवून मेन स्विच बंद करावा. प्लगपाशी चुरचुर आणि जळका वास आला तरीही तेच.

आणि शिट्टीचं म्हणाल, तर चहाची किटली शिट्टी कशी वाजवते याचं नीट उत्तर केंब्रिज विद्यापीठातल्या रॉस हेन्रीवुड आणि अनुराग अग्रवाल यांनी २०१३ साली दिलं. तोपर्यंत जग नुसतंच चहा पीत होतं. तेव्हा गीझरच्या आवाजाने गोंधळलेल्या गृहस्थांनी स्वतःला कमी लेखू नये.

हे सगळं गुऱ्हाळ चालू असताना आमच्या डोक्यावर, म्हणजे वरच्या मजल्यावरच्या काकांकडे, गॅसचा गीझर होता. त्याचा आवाज खालीही येई. नळ सोडला की 'टक टक टक टक', ती बॅटरीची ठिणगी. मग 'भप्प', तो जाळ. आणि लगेच काकांचं नाट्यगीत. काका निवृत्त झाल्यापासून सकाळी साडेसातला न्हाणीघरात मैफल भरवत. आवाज भारदस्त, वृत्ती निर्भय आणि तालाशी संबंध सलोख्याचे पण दूरचे. त्यांच्या गाण्याविरुद्ध सोसायटीत दोन तोंडी तक्रारी झाल्या होत्या आणि 'रहिवाशांनी सकाळच्या वेळी शांतता राखावी' अशी सूचना फळ्यावर लागली होती. नाव नव्हतं, पण वाचून सगळ्यांनी वरच पाहिलं.

जानेवारीत गार वारा आत येतो म्हणून काकांनी न्हाणीघराची झडपांची खिडकी थर्मोकोल लावून बंद केली. उत्तम काम केलं होतं, चिकटपट्टीसुद्धा सरळ रेषेत. चार दिवस काका म्हणत होते, आंघोळीनंतर जरा डोकं दुखतं. काकू म्हणाल्या, उपासाचं पित्त असेल. पाचव्या दिवशी 'टक टक टक' झालं, 'भप्प' झालं, गाणं सुरू झालं, अंतऱ्यापर्यंत आलं आणि थांबलं.

काकूंनीच नंतर सांगितलं, "चाळीस वर्षं यांचं गाणं कधी संपतं याची वाट बघितली हो मी. पण ते असं मध्येच? समेवर न येता? छे! मी दारच बडवायला लागले."

आतून उत्तर नाही. फक्त पाणी पडतंय. आम्ही तिघेचौघे धावलो. कडी तकलादू होती, दुसऱ्या धक्क्याला निघाली. आधी गीझर आणि गॅस बंद केला, काकांना गॅलरीत उघड्यावर आणलं आणि तिथून रिक्षाने दवाखान्यात. डॉक्टरांनी गीझर गॅसचा का, एवढं विचारलं आणि तोंडावर ऑक्सिजनचा मुखवटा चढवला.

झालं होतं ते असं. गॅस जळायला हवा लागते. कोंडलेल्या खोलीत ती पुरेनाशी झाली की जाळ अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही आणि आवाज तर नाहीच. सिलिंडरच्या गॅसला वास असतो, कारण गळती कळावी म्हणून तो मुद्दाम घातलेला असतो. याला तसं कोणी काही घातलेलं नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून जास्त घट्ट धरतो. बदलापूरकरांना हे वेगळं समजवायला नको. गाडीत सगळ्या सीटा आधीच भरून आलेल्या आहेत, बसलेला माणूस दादरपर्यंत उठणार नाही आणि ऑक्सिजन बिचारा दारात लोंबकळतोय. साध्या हवेत यातली निम्मी गर्दी उतरायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजन दिला तर साधारण दीड तासाच्या आत उतरते. म्हणून तो मुखवटा.

या अबोल शत्रूने मोठमोठी माणसं नेली आहेत. एमिल झोला हा फ्रेंच कादंबरीकार १९०२ साली पॅरिसमध्ये आपल्या राहत्या घरी झोपेतच गेला. शेकोटीचं धुराडं तुंबलं होतं. म्हणजे बघा, मॉनच्या १८६८ च्या गीझरला धुराडं नव्हतं, झोलाचं होतं ते तुंबलेलं होतं आणि काकांनी खिडकीला थर्मोकोल लावला होता. दीडशे वर्षांत यंत्र बदललं, हवेची गरज बदलली नाही. इंग्लंडच्या कोळसा खाणींत जॉन स्कॉट हाल्डेन या शास्त्रज्ञाच्या सल्ल्यावरून कॅनरी पक्षी नेत. हा वायू असला तर माणसाच्या आधी पक्षी मलूल होई, गाणं बंद पडे आणि खाणकामगार बाहेर पळत. १९८६ साली यंत्रांनी त्या पक्ष्यांची जागा घेतली. आमच्या इमारतीत मात्र ती पद्धत, कोणाला कळू न देता, चालूच होती म्हणायची.

मांजर्लीच्या माणसाला खरं म्हणजे हे ठाऊक असायला हवं. २००५ च्या आणि २०१९ च्या जुलैत उल्हासचं पाणी वस्तीत शिरलं, ते काही डरकाळी फोडून आलं नाही. ढग गडगडत होते, पत्रे वाजत होते, त्या सगळ्या आवाजाकडे लोक बघत असताना पाणी मुकाट्याने जिन्याच्या पहिल्या पायरीवर येऊन बसलं होतं. गुरगुरणारा सांगून तरी येतो. आमच्या गीझरसाठी सेक्रेटरी आले, वास्तुशास्त्र आलं, मेकॅनिक आला. थर्मोकोलकडे कोणाचं लक्ष गेलं नाही, कारण थर्मोकोल वाजत नाही.

काका दोन दिवसांत घरी आले. गॅसचा गीझर न्हाणीघरातून निघून मोकळ्या गॅलरीत गेला. इमारतीत ज्यांच्या ज्यांच्याकडे तो होता, त्या सगळ्यांच्या खिडक्या काकूंनी स्वतः फिरून तपासल्या. गीझर हलवेपर्यंत काय करायचं, याचा एक नियमही त्यांनी घालून दिला. आधी बादली भरायची, मग गीझर बंद करायचा आणि मग दार लावून आंघोळ. डोकं दुखलं, गरगरलं, मळमळलं, तर पित्त म्हणून गोळी घेण्याआधी उघड्या हवेत जायचं. सोसायटीने आजवर केलेल्या सर्व ठरावांपैकी पाळला गेलेला हा पहिलाच.

काकांची खिडकी आता सताड उघडी असते. त्यामुळे पूर्वी आमच्यापर्यंतच येणारं नाट्यगीत हल्ली समोरच्या बिल्डिंगलाही ऐकू जातं. फळ्यावरची ती सूचना सेक्रेटरींनी स्वतःच्या हाताने काढून टाकली. परवा एका सकाळी साडेसात झाले, सात चाळीस झाले, वरून काहीच आवाज नाही. मी दाढी अर्धवट टाकून जिन्यात आलो, तर तिथे सेक्रेटरी, तळमजल्यावरचे आजोबा आणि टॉवेल खांद्यावर टाकलेले आणखी दोघेजण आधीच वर निघालेले. काकूंनी दार उघडलं.

"अहो, घसा बसलाय त्यांचा," त्या म्हणाल्या. "आलाच आहात तर चहा घेऊन जा."

आम्ही घेतला. आतून काका खोकले, तेव्हा सगळ्यांना फार बरं वाटलं.